सही कुठं करू ते नको, काय ठरलं ते सांगा

मागच्या अंकात एका पाड्यावरच्या आरोग्य शिबिराचा किस्सा सांगितला होता. ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी दोन ओळीत: शिबिर ठेवलं नेमकं आवणीच्या आठवड्यात, मंडप आला, खुर्च्या आल्या, शहरातून पाच डॉक्टर आले, आणि अख्खा पाडा गुडघाभर चिखलात भात लावत होता. दुपारपर्यंत तीन म्हाताऱ्या आणि शाळेची पोरं, एवढेच पेशंट. तारीख ठरवताना पाड्यातल्या एका बाईला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं, पण विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देते. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत.

ताई नमस्कार. मी कातकरी समाजाची, पालघर जिल्ह्यात राहते, दोन वर्षांपूर्वी राखीव जागेवर ग्रामपंचायत सदस्य झाले. हे माझी भाची टाइप करतेय. मला गावाच्या आरोग्य समितीवर पण घेतलंय म्हणे. मीटिंग कधी होते मला माहीत नाही, महिना दोन महिन्यांनी कुणीतरी रजिस्टर घेऊन घरी येतं नि म्हणतं ताई इथं सही करा. मी करते. परवा विचारलं काय ठरलं, तर म्हणाले तुम्हाला नाही कळायचं, सगळं बरोबर आहे. मी सही नाही केली तर मला काढतील का? आणि या समितीचं काम असतं तरी काय?

आधी भीतीचं बोलू. समितीच्या रजिस्टरवर सही केली नाही म्हणून कुणी तुमचं सदस्यपद काढून घेऊ शकत नाही. सही नाकारणं हा गुन्हा नाही, उलट न झालेल्या मीटिंगवर सह्या गोळा करत फिरणं हीच भानगड आहे. मात्र एक गोष्ट जपा. दिवाळीनंतर तुम्ही वीटभट्टीवर जात असाल (पत्रात लिहिलं नाहीये, पण तुमच्या भागातली निम्मी वाडी जाते म्हणून विचारते) तर जायच्या आधी पंचायतीकडं रजेचा अर्ज द्या आणि पोच घ्या. विनापरवाना लांबलचक गैरहजेरीवर मात्र सदस्यपद जाऊ शकतं. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या डोळ्यासमोर बारा महिने गावात राहणारा माणूस होता, भट्टीवर जाणारा नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

आता समिती. पूर्ण नाव ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, एवढं लांब की वाचतानाच दम लागतो. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासूनची ही कल्पना. गावाला आरोग्याचं काय हवंय हे गावानंच ठरवावं, आणि त्यासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंध निधी मिळावा. अबंध म्हणजे वरून कुणी 'यावरच खर्च करा' असं बांधून दिलेलं नाही. रात्री बाळंतीण अडली तर गाडीचं भाडं, विहिरीचं पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर, अंगणवाडीत बिघडलेला वजनकाटा, असलं कशावरही. केंद्राच्या २०१३ च्या सूचनांत समितीत निम्म्या बायका हव्यात, प्रत्येक वस्तीचं कुणीतरी हवं असं आहे, आणि अध्यक्ष शक्यतो पंचायतीतली बाई असावी, तीही अनुसूचित जाती-जमातीतली असली तर उत्तम. ताई, नीट वाचा हे. कागदावर अध्यक्ष म्हणून ज्या बाईचं वर्णन आहे ती हुबेहूब तुम्ही आहात, आणि तुमच्याच घरी येऊन लोक म्हणतायत तुम्हाला नाही कळायचं!

पुढच्या वेळी रजिस्टर आलं की भांडू नका. चहा द्या, बसवा, आणि म्हणा, 'मला वाचून दाखवा, मग करते.' एवढंच. भाचीला शेजारी बसवा. ठराव काय, कुणी मांडला, किती पैसे, कुणाला दिले. वाचायला टाळाटाळ झाली की समजायचं. आणि सही करायचीच झाली तर सहीखाली त्या दिवसाची तारीख टाका, मीटिंगची नाही. हा छोटा दाखला फार कामाला येतो, एका सरपंचबाईंनी मला शिकवला होता. खात्यावर सह्या कोणाच्या आहेत आणि वर्षभरात काय काढलंय ते आशाताईंना विचारा, त्यांना बहुतेक सगळं माहीत असतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. नाहीच कळलं तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही नाहीत.

अजून एक. तुमचा भाग पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) येत असेल, आणि पालघरचा बराच भाग येतो, तर वाडीची स्वतःची ग्रामसभा मागता येते आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी आहे, तो आरोग्य, स्वच्छता, शिक्षण यावरही वापरता येतो. समितीच्या दहा हजारांपुढं ही रक्कम कितीतरी मोठी असते, आणि ती कशावर खर्च झाली हे वाडीला माहीतच नसतं. मीटिंगची वेळ बदलून मागा. सकाळी अकरा वाजता पंचायत ऑफिसात म्हणजे तुमची रोजी बुडाली. संध्याकाळी सातला वाडीत, समाजमंदिरापाशी, असं लेखी द्या. काय झालं ते कळवा.

तुमचं सदर आवडीने वाचतो. पण एक प्रामाणिक शंका. मी बँकेतून निवृत्त, पुण्यात राहतो. आजाराचं निदान, औषध, हॉस्पिटल कसं असावं हे सगळं तज्ज्ञांचं काम आहे. अशिक्षित लोकांना विचारून काय मिळणार? उद्या विमान कसं उडवायचं हे पण प्रवाशांना विचारायचं का? राग मानू नका.

राग कशाचा काका, हा प्रश्न मनात सगळ्यांच्याच असतो, तुम्ही विचारलात. विमान कसं उडवायचं हे नका विचारू, पण कुठं जायचंय हे तर विचाराल?

गडचिरोलीचं सांगते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग १९८६ च्या सुमारास तिथं गेले, 'सर्च' ही संस्था काढली. त्या काळात गावातल्या बायकांसाठीचा सरकारी आरोग्य कार्यक्रम म्हणजे दोनच गोष्टी, बाळंतपण आणि ऑपरेशन, म्हणजे कुटुंबनियोजनाचं. बायका मात्र राणीताईंशी बोलायला बसल्या की अंगावरून पांढरं जातं, पाळीत त्रास होतो, ओटीपोटात दुखतं असं सांगायच्या. मग वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची नीट तपासणी झाली, तर ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला, आणि आयुष्यात एकदा तरी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ साली हे 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय मासिकात छापून आलं आणि जगभरातल्या तज्ज्ञांना धक्का बसला. धक्का तज्ज्ञांना बसला हं, बायकांना नाही, त्यांना आधीपासून माहीत होतं. त्यांना विचारलं नव्हतं एवढंच.

त्याच संस्थेचा दवाखाना बांधायची वेळ आली तेव्हा आदिवासींनाच विचारलं की तुम्ही सरकारी दवाखान्यात का जात नाही. मोठ्या इमारतीची भीती वाटते, सोबतच्या माणसांना राहू देत नाहीत, तिथं आमचा देव नाही. म्हणून मग आदिवासी गावासारख्या झोपड्या झोपड्यांचा दवाखाना झाला, पेशंटबरोबर घरचे राहू शकतील असा, आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी दवाखाना. यात औषधाचा डोस कुणी लोकांना विचारून ठरवला का? नाही. पण माणूस दवाखान्याच्या दारातच आला नाही तर तुमच्या डोसाचं काय लोणचं घालायचं?

आणि 'अशिक्षित' म्हणालात म्हणून जामखेड. डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा गावोगावच्या आरोग्यसेविका म्हणून ज्या बायका तयार केल्या त्यातल्या कितीतरी दलित, कितीतरी निरक्षर. पुढं परदेशातून आलेले डॉक्टर त्यांच्यापुढं वही उघडून बसायचे. गडचिरोलीतसुद्धा नवजात बाळाचा न्यूमोनियासारखा जंतुसंसर्ग ओळखणं, श्वास मोजणं, गरज पडली तर इंजेक्शन, हे ३९ गावांत थोडं शिकलेल्या गावातल्याच बायकांनी करून दाखवलं, तेही 'लॅन्सेट'मध्येच आलं, १९९९ ला. आज तुमच्या कामवालीच्या गावात आशा घरी येऊन बाळ बघते ना, त्या घरभेटींचं मूळ तिथं आहे.

मी स्वतः यात काही साव नाही. नवीन काम शिकत होते तेव्हा एका वस्तीवर मी हात धुण्यावर तासभर बोलले, चित्रं दाखवली, नळाखाली साबण लावलेले हात. संपल्यावर एक बाई शांतपणे म्हणाली, 'चित्र छान हाय, नळ कवा येणार?' मी नळाची तारीख सांगू शकले नाही, मग पुढचं चित्र काढलंच नाही पिशवीतून.

ताई, मी बीड जिल्ह्यातली, जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आईवडील ऊसतोडीला जातात. माझ्या आईची गर्भपिशवी काढली तेव्हा ती २९ वर्षांची होती, मी तेव्हा चौथीत. अंगावरून जात होतं आणि पोटात दुखायचं. डॉक्टर म्हणाले पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल. वडील आणि मुकादम यांनी ठरवलं, उचल घेऊन पैसे भरले, ती पुढं दोन वर्षं फेडली. आता कॉलेजात 'संमती' हा धडा शिकवतात तेव्हा मला आई दिसते. तिचे गुडघे, कंबर दुखते, अंगात आग होते म्हणते. तिला कुणी काही विचारलं होतं का असं मी तिला विचारलं, तर म्हणाली 'अंगठा घेतला की'. आता तिच्यासाठी काय करता येईल, आणि आमच्या तांड्यावरच्या बायकांसाठी?

बाळा, तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायचं होतं म्हणून नाही, 'अंगठा घेतला की' या ओळीवर अडकले म्हणून.

आधी आई. तिचा डिस्चार्ज कार्ड घरात कुठं ट्रंकेत असेल तर शोध, त्यात नुसती पिशवी काढलीये की दोन्ही अंडाशयं पण, हे लिहिलेलं असतं. फार फरक पडतो. अंडाशयं काढली असतील तर तिला त्या दिवसापासून, तिशीच्या आत, एकदम पाळी जाणं सुरू झालं, जे शरीराला पंचेचाळीस-पन्नाशीत हळूहळू झेपतं ते एका रात्रीत. अंगात आग होणं, झोप न लागणं, हाडं ठिसूळ होणं हे त्यातूनच येतं. कार्ड नाही सापडलं तर सोनोग्राफीत कळेल. जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत घेऊन जा, हाडांची ताकद, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन, बीपी हे बघून घ्या. हार्मोनच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून मेडिकलमधून आणू नकोस, त्या कुणाला द्यायच्या आणि कुणाला नाही हे तपासूनच ठरतं. आणि गुडघेदुखी सगळीच पिशवीमुळे असेल असं पण नाही, वर्षानुवर्षं डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढलेल्या बाईचे गुडघे आहेत ते.

आता ठरवण्याचं. २०१९ मध्ये ही गोष्ट एवढी गाजली की सरकारनं चौकशी समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे, मग बघ. त्यानंतर खाजगी दवाखान्यांना पिशवी काढायच्या आधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल असं झालं, टोळ्या जायच्या आधी आणि आल्यावर तपासणी ठरली. चांगलं झालं. पण माझं एक दुखणं आहे. आधी नवरा, मुकादम नि डॉक्टर ठरवत होते, आता एक अधिकारी ठरवतो, बाई अजून पण खुर्चीच्या पलीकडंच आहे. परवानगी नाकारली तर तिच्या अंगावरून जाणाऱ्या रक्ताचं काय, हा प्रश्न कोण घेणार?

कारण पिशवी का काढली जाते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नवराबायको मिळून एक कोयता, एकजण पडली की खाडा, खाड्याचा दंड उचलीतून. फडावर संडास नाही, पाळीत बदलायला आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, म्हणून इन्फेक्शन, इन्फेक्शनमुळं पांढरं जाणं, आणि त्यावर पंधरा दिवसांच्या गोळ्या देण्याऐवजी पोटावर टाका. दवाखान्यातल्या निर्णयाची सुरुवात उसाच्या फडात झालेली असते. म्हणून बायकांना विचारायचं तर ते ऑपरेशनच्या टेबलावर नाही, फार आधी.

तू काय करू शकतेस? दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या पंधरा दिवस आधी, तांड्यावरच्या बायकांना बसव. फक्त बायकांना. मुकादमाला नंतर वेगळं बोलव, एकत्र बोलावलंस तर एक बाई तोंड उघडणार नाही. आणि 'आरोग्याच्या काय समस्या' असं विचारू नकोस, त्याला कुणी उत्तर देत नाही, 'मागच्या सीझनला आजारी पडलीस तेव्हा काय झालं' असं विचार, मग बघ कसं बाहेर येतं. मी बसलेय अशा दोनतीन बैठकांत, आणि दर वेळी यादीत दवाखाना तिसरा की चौथा असतो. पहिलं पाणी. मग आडोसा. मग महिन्यातून दोन दिवस खाडा न धरता सुट्टी. हे मुकादम आणि कारखान्याकडून मागायचं, उचलीचा करार होतानाच, कारण एकदा ट्रक हलला की कुणी ऐकत नाही. बैठकीत ठरलेलं एका कागदावर लिही, अंगठे घे, पण आधी मोठ्यानं वाचून दाखव आणि मग घे. (तुझ्या 'संमती'च्या धड्याचं प्रात्यक्षिक समज.)

आणि कुणाला 'पिशवी काढा' सांगितलंच तर तीन प्रश्न पाठ करून ठेव तांड्यावर: औषधानं बरं होईल का, नाही काढली तर काय होईल, आणि अंडाशयं ठेवणार का. डॉक्टर चिडले तर दुसऱ्या डॉक्टरकडं जायचं. कॅन्सरची भीती घातली तर 'कशावरून, कुठली तपासणी केली' हा चौथा. बरं, पिशवी काढणं नेहमी चूकच असतं असं पण नाही, कधी खरंच लागतं. पण मग बाईला ते बाईच्या भाषेत सांगता आलं पाहिजे.

मी तृतीयपंथी आहे, पश्चिम महाराष्ट्रात राहते. आमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला कुठल्या वॉर्डात ठेवायचं यावर मीटिंग झाली असं नंतर पेपरमध्ये वाचलं. आम्हाला बोलावलं नव्हतं. बोलवायला पाहिजे असा काही नियम आहे का?

तुमच्या दवाखान्याच्या त्या ठरावीक मीटिंगला बोलावलंच पाहिजे असं बोट ठेवून दाखवता येईल असं कलम मी सांगू शकत नाही. पण सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या 'नाल्सा' निकालानंतर आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्यानंतर तुम्हाला दवाखान्यात भेदभावाशिवाय सेवा मिळणं हा हक्क आहे, सरकारनं तुमच्यासाठी आरोग्यसेवेची सोय करायची आहे, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या परिषदेत समाजाचे प्रतिनिधी घ्यायचेच असतात. दिल्लीत तुम्ही बैठकीला चालता तर जिल्ह्यात का नाही, असा सरळ अर्ज करा. दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडं, 'विषय वॉर्ड' असं न लिहिता 'केसपेपर काढण्यापासून डिस्चार्जपर्यंत' असं लिहा. कारण त्रास वॉर्डात सुरू होत नाही, केसपेपरच्या खिडकीवर सुरू होतो, नाव मोठ्यानं पुकारतात तिथं. त्यांच्या डोक्यात फक्त खाटेचा प्रश्न असतो.

जमलं तर सांगलीला जाऊन या. तिथं 'संग्राम' संस्थेचं काम १९९२ पासून आहे, आणि त्यातून वेश्याव्यवसायातल्या बायकांची स्वतःची 'वॅम्प' ही संघटना उभी राहिली. एड्सच्या काळात सगळे त्यांना 'रोग पसरवणाऱ्या' म्हणून बघत होते तेव्हा निरोध कुणाला, कधी, कसे द्यायचे हे त्या बायकांनीच हातात घेतलं. अर्ज कसा लिहायचा यापेक्षा खोलीत कसं बसायचं हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, आदिवासी तालुका. तुम्ही लोकसहभाग लोकसहभाग म्हणता, पण जनसुनवाईत माइकवर आमचीच धुलाई होते. पदं रिकामी, औषधं वरून येत नाहीत, गाडीला डिझेल नाही, आणि शिव्या मला. यातून लोकांना काय मिळतं? मला तर बदलीच मागावीशी वाटते.

डॉक्टर, तुमची बाजू खरी आहे, आणि ती कमी लिहिली जाते. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला स्टेजवर बसवून ज्यांच्या हातात त्याहून कमी आहे त्यांच्याकडून झोडपून घ्यायचं, आणि ज्याच्या हातात आहे तो 'पुढच्या दौऱ्यावर' असतो. ही जनसुनवाई नाही, जत्रा आहे.

पण मूळ कल्पना ही नव्हती. महाराष्ट्रात २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, पुण्याच्या 'साथी' संस्थेनं राज्यभर त्याचा समन्वय केला. गावानं स्वतः आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरायचं, हिरवा, पिवळा, लाल. नर्सताई येतात का, बाहेरून औषध लिहून देतात का, पैसे मागतात का. ते कार्ड घेऊन आधी आरोग्य केंद्राच्या समितीत बसायचं, तिथं सुटेल ते सुटलं, न सुटलेलं तालुक्याला, मग जिल्ह्याला. जनसुनवाई ही शेवटची पायरी. आपल्याकडं मधल्या पायऱ्या गाळून थेट माइक लावतात, मग दुसरं काय होणार?

म्हणून माझा सल्ला, स्वतःच्या स्वार्थासाठी म्हणून ऐका. जनसुनवाईच्या महिनाभर आधी तुम्हीच पाड्यावर जा, बूट काढून बसा, आणि तुमच्या केंद्राच्या अडचणी त्यांच्यापुढं ठेवा. दोन पदं रिकामी आहेत, एवढे महिने झाले, मी तीनदा पत्र लिहिलंय, ही त्याची कॉपी. औषधांचा साठा भिंतीवर फळ्यावर लिहा, आज काय आहे, काय संपलंय, मागणी कधी पाठवली. लोकांना वाटतं डॉक्टर औषध दडवतो, फळा दिसला की राग योग्य मजल्यावर जातो. एका डॉक्टरनं हे केलेलं मी बघितलंय. त्याच्या जनसुनवाईत एक आजोबा उठले नि जिल्ह्याच्या साहेबांना म्हणाले, 'आमच्या डाक्टरचं पत्र तुमच्याकडं पडून हाय, त्याचं आधी बोला.' 'आमच्या' म्हणाले हं.

आणि लोकांच्या सगळ्याच मागण्यांना पैसे लागत नाहीत. त्याच ठिकाणी बायकांचं म्हणणं होतं की गरोदर तपासणी बुधवारी असते आणि बाजार गुरुवारी, दोन दिवस रोजी बुडते. तपासणी गुरुवारी केली. वर परवानगी, बजेट, काही लागलं नाही, वार बदलला. गर्दी एवढी झाली की डॉक्टर माझ्याकडं कुरकुर करत होता!

बदली मागायची तर जरूर मागा, पण फळा लावून मागा.

ता.क. अंक छपाईला जाताना पालघरच्या ताईंच्या भाचीचा मेसेज आला. रजिस्टर आलं, मावशीनं चहा दिला, वाचून दाखवा म्हणाली. माणूस आधी हसला, मग वाचलं. गेल्या तीन मीटिंगला मावशी हजर दाखवलीये, त्यातल्या एकीत तर तिनं ठराव मांडलाय, बॅनर छापण्याचा. त्या दिवशी मावशी भिवंडीच्या पुढं भट्टीवर विटा थापत होती. आता काय करू विचारतेय.

आधी त्या पानाचा फोटो काढ, तारीख दिसेल असा. मग मला फोन कर, हे सदरात लिहायचं नाहीये.